गुडघ्याचे टक्के

पंचावन्न सालच्या डिसेंबरात मेडिकल बोर्डाचा कागद आला. लष्कराचा कागद इंग्रजीत असतो, म्हणून तो घेऊन मी जिना उतरून राजारामकडे गेलो. राजाराम माझ्याच पलटणीतला. नायगावात आमच्याच चाळीत तळमजल्याला राहायचा. त्यानं चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला.

"एकोणीस जानेवारी. सकाळी दहा वाजता, कुलाब्याला. आणि खाली लिवलंय, हजर नाय झालास तर पेन्शन बंद. कोंड्या, या टायमाला नीट जा. मागल्या वेळी गेलास तसा नको जाऊ."

मागल्या वेळी मी कसा गेलो होतो ते सगळ्या चाळीला माहीत होतं.

अठ्ठेचाळीस साली काश्मीरात मशीनगनची तिपाई खांद्यावर घेऊन मी चढ चढत होतो. ओल्या गवतावरून पाय निसटला. मी खाली आणि लोखंडी तिपाई माझ्यावर. कमरेतला मणका सरकला आणि उजवा गुडघा फिरला. सहा महिने इस्पितळात काढले, मग घरी पाठवलं. तेव्हा कागदावर लिहिलं होतं चाळीस टक्के, तेही ठरावीक मुदतीपुरतं. मुदत संपली की बोर्डासमोर जायचं. तीन डॉक्टर बसतात, वाकवतात, बसवतात, उठवतात आणि तुमच्यातलं किती मोडलंय ते टक्क्यांत लिहितात. वीसच्या खाली गेलं की काहीच मिळत नाही.

चोपन्न साली बोर्ड होतं तेव्हा बकुळानं, माझ्या बायकोनं, आदल्या दिवसापासून तयारी केली. पितळेच्या तांब्यात निखारे घालून खाकी पँटीला इस्त्री केली. पदकाची फीत धुतली. पहाटे उठून करंजेल गरम केलं आणि माझी कंबर, मांडी, गुडघा असं तासभर चोळलं. गुडघ्याच्या मागं आतल्या बाजूला एक जागा होती, तिथं ती अंगठा रोवायची आणि सगळं अंग घालून दाबायची. मी ओरडायचो. ती म्हणायची, "वरडा खुशाल. मी सोडायची नाय." मग आत काहीतरी सुटायचं आणि पाय हलका व्हायचा.

तिचं म्हणणं साधं होतं. माझा आजा गावात साहेब आला की पायरीच्या खाली वाकून उभा राहायचा. बापही तसाच. पलटणीनं आम्हाला ताठ उभं राहायला शिकवलं. मग साहेबासमोर आपल्या माणसानं वाकडं का जायचं? मलाही ते पटलं होतं. मी ताठ गेलो, टाचा जुळवून सॅल्यूट ठोकला. डॉक्टरनं वाकायला सांगितलं, वाकलो. उकिडवं बस म्हणाला, बसलो. बाहेर पडलो तेव्हा चाळीसचे वीस झाले होते.

राजाराम हसून लोळायचा बाकी होता. "लग्नाला गेलावतास काय रे? अरे येड्या, साहेबाला लंगडा दाखवायचा असतो. तू तर परेड करून आलास!"

राजारामला साठ टक्के होते. बोर्डाच्या दिवशी तो काठी घ्यायचा. बाकीच्या दिवशी ती काठी त्याची बायको घुशी हाकलायला वापरायची.

पण मला काठीचं सोंग करायचं नव्हतं. माझा गुडघा खरोखरच गेला होता. परळच्या एका गिरणीच्या गेटावर मी पहारेकरी होतो. पाळीभर उभं राहायचं. एकदा मी घरून स्टूल नेलं तर जमादारानं ते उचलून बाहेर रस्त्यावर ठेवलं. "मिलिट्रीवाला ना तू? मग बसतोस कसला?" येणारे-जाणारे कामगार बघत होते. संध्याकाळी चाळीचे तीन जिने चढताना कठड्याला धरून एक एक पायरी घ्यायचो. टक्के वाढले तर गेट सुटणार होतं. मला एवढंच पाहिजे होतं, की जे मोडलंय ते मोडलंय असं कोणीतरी लिहावं.

कागद आला त्याच दिवशी मी बकुळाला सांगितलं, "आजपासून तेल बंद."

ती भायखळ्याच्या बाजारात कांदे निवडायला जायची. नुकतीच आली होती. पदरानं हात पुसत म्हणाली, "बंद म्हंजे?"

"बोर्ड होईपर्यंत हात लावायचा नाय. जसा हाय तसा दिसू दे त्यांना."

"महिनाभर?"

"महिनाभर."

"आणि रातचं कण्हत बसाल ते?"

"कण्हू दे."

तिनं बाटली फळीवर ठेवली, देव्हाऱ्याच्या बाजूला. पहिला आठवडा ती रोज त्या बाटलीकडे बघायची. आमची मुलगी कांता तेव्हा सोळा वर्षांची होती. ती म्हणायची, "बाबा, आईचे हात शिवशिवतायत बघा." दुसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला. तिसऱ्यात तो पूर्ण वाकेना. मी संडासला जाताना भिंतीला धरून जायचो आणि मनात खूश व्हायचो. माणूस आपलाच पाय बिघडताना बघून खूश होतो, हे मला आता लिहितानाही बरं वाटत नाही.

सोळा जानेवारीला रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही. दुसऱ्या दिवसापासून सगळं पेटलं. ट्राम बंद, बस बंद, गिरण्या बंद. परळ, लालबाग इथून गोळीबाराचे आवाज चाळीपर्यंत यायचे. रात्री कर्फ्यू. मी गॅलरीत येरझारा घालत होतो. गुडघा दुखायचा, तरी बसवत नव्हतं.

राजाराम म्हणाला, "जाऊ नको. कोण बसतंय बोर्डाला अशा दंगलीत?"

"लष्कर बसतं."

"आणि गोळी लागली म्हंजे?"

"मग शंभर टक्के मिळतील," मी म्हणालो. त्याला हसू आलं नाही.

गुरुवारी सकाळी कर्फ्यू सुटल्यावर मी निघालो. जिना उतरेपर्यंत मागून बकुळा आली. नेसत्या लुगड्यावर, डोक्यावर पदर, काखेत भाकरीची पिशवी.

"तू कुठं?"

"तुमच्यासंगं."

"गप घरी बस."

"सात मैल जायचं हाय. मधी पडलात तर उचलायला कोण येनार? जमादार?"

कांताला रखमाकडे, शेजारणीकडे सोडून आम्ही दोघं निघालो. रस्त्यावर विटांचे तुकडे, फुटक्या सोड्याच्या बाटल्यांच्या काचा. लालबागला कचऱ्याची गाडी आडवी पाडून ठेवली होती आणि पाच-सहा माणसं बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. डोळे रात्रभर जागलेले. त्यातला एक जण ओरडला, "ओ मामा, कुठं निघालात? सगळं बंद हाय आज."

"लष्कराचं बोर्ड हाय कुलाब्याला."

"मुंबई आपल्या हातची चालली आणि तुम्ही बोर्डाला? कोनाच्या बाजूचे तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत बकुळा म्हणाली, "आमी गुडघ्याच्या बाजूचे. वाट द्या."

त्यांच्यातला म्हातारा हसला. "जाऊ दे रे त्यांना. मावशी, कडेकडेनं जावा. पुलाजवळ पोलीस हायेत."

पोलीस होतेच. हवालदारानं आमची पिशवी काठीनं चाचपली, भाकरी बघितली. मी बोर्डाचा कागद दाखवला, पदक दाखवलं. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखला. "दादा, परत जावा घरी," तो हळूच म्हणाला. मग स्वतःच बाजूला झाला.

भायखळ्याच्या बाजारापर्यंत मी कसाबसा आलो. बाजार बंद. जमिनीवर कोबीची पानं वाळून पडलेली. तिथं माझा पाय अडला. गुडघा पुढं जाईना की मागं जाईना, दाराची कडी अडकते तसा. कमरेतून कळ खाली टाचेपर्यंत गेली. मी एका दगडावर बसलो. घाम कपाळावरून डोळ्यांत येत होता. अजून निम्मी वाट राहिली होती.

बकुळा माझ्यासमोर मातीत बसली. पिशवीत हात घातला आणि भाकरीच्या फडक्याच्या आतून बाटली काढली.

"ती आणलीस?"

"पाय द्या."

"बकुळा, नाय म्हणून सांगितलं होतं. महिनाभर सोसलंय मी."

"सोसलं ते ऱ्हाऊ दे. पोचलात तर बोर्ड. पाय द्या."

रस्त्यावर कोणी नव्हतं. ती जिथं रोज कांदे निवडायची त्याच फाटकासमोर तिनं माझा पाय मांडीवर घेतला, पँट वर सरकवली आणि थंड तेल चोळायला लागली. तिच्या हातांना कांद्याचा वास होता, तो कधी जातच नसे. मी शिव्या देत होतो. तिनं ती जागा बरोबर धरली आणि अंगठा रोवला.

"वरडा खुशाल."

मी ओरडलो. एक कावळा उडाला. आत काहीतरी सुटलं आणि मी उठून उभा राहिलो.

दहाला पाच मिनिटं असताना आम्ही पोहोचलो. बोर्ड बसलं होतं. आम्ही चौघेच आलो होतो, बाकीचे आले नाहीत. तिला फाटकाच्या आत सोडलं नाही, ती बाहेर समुद्राकडच्या भिंतीला टेकून बसली. आत मला कपडे काढायला लावले. पँट मांडीवरून खाली करताना तेलाचा वास आला. डॉक्टरलाही आला असावा. त्यानं शाळेतल्या कंपासासारखं यंत्र गुडघ्याला लावलं, वाकवलं, आकडा बघितला. मागच्या कागदाशी ताडून पाहिला.

"नायगाव से कैसे आया? गाडियाँ तो बंद हैं."

"पैदल आया, साहब."

"पैदल?" त्यानं टेबलाशी बसलेल्या दुसऱ्या डॉक्टरकडे बघितलं. "सात मील?"

मी उभा राहिलो. ताठ. उभं राहायची दुसरी तऱ्हा मला येतच नव्हती.

"ट्वेंटी," तो कारकुनाला म्हणाला. "नो चेंज." एवढं इंग्रजी मला कळत होतं.

बाहेर आलो. बकुळा उठली, माझ्या तोंडाकडे बघितलं. फोर्टातून परत येताना एका बंद दुकानाच्या सावलीत ती भाकरी सोडायला लागली, तेव्हा मी म्हणालो, "तुझ्या हातानंच माझं वाटोळं केलंस."

तिनं भाकरी परत बांधली. म्हणाली, "मग काय, तिथं रस्त्यावर टाकून येऊ व्हय तुमाला?"

त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत आम्ही बोललो नाही. परतीच्या वाटेवर पाय परत अडला, तेव्हा मी भिंतीला धरून उभा राहिलो आणि ती चार पावलं पुढं जाऊन पाठ करून थांबली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं नेहमीसारखी बाटली शेगडीजवळ ठेवली आणि माझ्या पायाशी बसली. मी पाय ओढून घेतला.

बोलणं चार दिवसांत सुरू झालं. एका खोलीत तिघांनी किती दिवस गप्प राहायचं? पीठ संपलं, नळाला पाणी आलं, जमादार काय म्हणाला, सगळं बोलायचो. गुडघा मात्र मी तिला दिला नाही. मला वाटायचं, पुढचं बोर्ड दोन वर्षांनी आहे, तोवर असाच ठेवीन. खरं म्हणजे बोर्डासाठी नव्हतं ते. राग धरला की तो सोडायला निमित्त लागतं, आणि ते मी शोधलं नाही.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. आम्ही दादरला चौपाटीवर गेलो. सकाळपासून उभे होतो, माणसात माणूस रुतलेला. दुपारनंतर माझा पाय थरथरायला लागला. बकुळानं आपला खांदा माझ्या काखेखाली आणला. मी भार टाकला. संध्याकाळपर्यंत तसाच उभा होतो तिच्यावर. तिथंच सगळ्यांबरोबर आम्ही दीक्षा घेतली. घरी येऊन तिनं देव्हाऱ्यातले देव काढले, बुद्धाचं चित्र लावलं. राहिलेल्या रिकाम्या जागेत तिनं तेलाची बाटली ठेवली. मी बघितलं. तेव्हा पाय पुढं केला असता तर चाललं असतं.

मार्चात तिला ताप आला. बाजारातून येऊन आडवी झाली ती उठली नाही. आठव्या दिवशी शुद्धीत होती. कांता पाणी आणायला गेली होती. मी उशाशी बसलो होतो, पाय लांब करून.

"गुडघा कसा हाय?"

"बरा हाय."

"इकडं करा."

"पडून ऱ्हा तू."

मी तिला आराम पडावा म्हणून म्हणालो. तिला तसं कळलं की नाही, मला माहीत नाही. तिनं हात परत गोधडीत घेतला. दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिच्या मागं मी स्वतः ती जागा खूप शोधली. गॅलरीत बसून, गेटावर उभ्या उभ्या, वाकून अंगठा फिरवायचो. गुडघ्यामागं किती शिरा असतात, किती खळगे! एकही तो नव्हता. कधी घरात बसवेना म्हणून जिना उतरायचो, खाली काही काम नसे म्हणून परत चढायचो. राजाराम म्हणायचा, "अरे, पायाला आराम दे." चोपन्न पायऱ्या आहेत. मी त्या दिवसातून चार-चार वेळा मोजायचो.

अठ्ठावन्न साली परत कागद आला. राजारामनं वाचला. या वेळी त्यानं काही शिकवलं नाही. फक्त म्हणाला, "काठी देऊ?"

"नको."

आईच्या जागी आता कांता भायखळ्याला कांदे निवडायला जायची. त्या दिवशी तिनं खाडा केला. आम्ही ट्रामनं गेलो. पँटीला इस्त्री नव्हती. ट्रामच्या काचेत बघितल्यावर कळलं की दाढीही राहिली. मी मुद्दाम केलं नव्हतं. पदक आणायचंसुद्धा विसरलो होतो.

बोर्डाला या वेळी एक म्हातारा मेजर होता, केस पांढरे, बोटं जाड. त्यानं टेप लावून दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दोन बोटं बारीक भरली. यंत्र लावलं. मला टेबलावर पालथं झोपवलं आणि कमरेपासून एक एक मणका दाबत खाली आला.

"यहाँ दर्द है?"

"हाँ, साहब."

"यहाँ?"

"थोडा, साहब."

मग त्यानं माझा उजवा पाय किंचित वाकवला, एका हातानं नडगी धरली आणि गुडघ्याच्या मागं अंगठा ठेवला. तो सरकवत सरकवत आतल्या बाजूला आणला. आणि दाबला.

तीच जागा होती.

वर्षभर मी शोधत होतो ती. आत काहीतरी सुटलं आणि माझ्या तोंडून आवाज आला. गुरासारखा. मी टेबलाच्या रेग्झिनमध्ये तोंड खुपसलं, पण ते थांबेना. पलटणीत, इस्पितळात, तिला स्मशानात घेऊन गेलो तेव्हाही मी असा रडलो नव्हतो. मेजरनं अंगठा काढला.

"इतना दर्द है?" तो हळू आवाजात म्हणाला.

आतलं सुटल्यावर तिथं दुखत नव्हतं. सगळ्या पायात तेवढी एकच जागा दुखत नव्हती. ते त्याला कसं सांगायचं? हिंदीत कसं, आणि मराठीत तरी कसं?

"हाँ, साहब," मी म्हणालो.

तिघं एकमेकांत बोलले. मेजरनं लिहायला घेतलं. मी पँट चढवत होतो. "फिफ्टी," तो कारकुनाला म्हणाला. "परमनंट." मग माझ्याकडे बघून, "अब तुमको बोर्ड में आने की ज़रूरत नहीं. पूरी ज़िंदगी का हो गया."

मी टाचा जुळवून सॅल्यूट केला. त्यानंही मान हलवली.

फाटकाबाहेर कांता उभी होती. माझे डोळे बघून घाबरली. "बाबा, मारलं का काय त्यांनी?"

"पन्नास झाले. कायमचे."

तिनं माझा हात धरला. "मग आता गेट सोडा. उद्याच सांगा त्या जमादाराला."

"सांगतो."

"मग रडताय कशाला?"

मी चालायला लागलो. टक्के ज्या गोष्टीचे मिळाले ती गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. पाय मोडलेला होता हे खरं. पन्नास कमी की जास्त, मला माहीत नाही. राजाराम काठी घेऊन साठ आणतो, तेव्हा त्याला रात्री झोप लागते. मला ट्राममध्येही बसवत नव्हतं. जागा असून मी उभाच राहिलो.

घरी आल्यावर मी गॅलरीत दोन फेऱ्या मारल्या. मग आत जाऊन देव्हाऱ्याच्या जागेतली बाटली काढली. तेल तळाशी राहिलं होतं, घट्ट झालेलं, वर धुळीचा थर. कांता पीठ मळत होती. तिनं बघितलं, हात धुतले, बाटली माझ्याकडून घेतली आणि शेगडीच्या कडेला ठेवली.

"पालथे पडा," ती म्हणाली.

मी पडलो. तेल कोमट झाल्यावर तिनं हातावर घेतलं. तिच्या हातांना कांद्याचा वास होता.

"कुठं लावू?"

मी हात मागं नेऊन तिचा अंगठा धरला. सकाळी मेजरनं दाबलेली जागा अजून हुळहुळत होती, म्हणून सापडली. उद्या सापडली नसती.

"इथं?"

"थोडं आत. अजून. हां. आता सगळं अंग घाल."

"दुखंल ना, बाबा."

"दाब," मी म्हणालो. "मी ओरडलो तरी सोडू नको."